पुन्हा बोलावणं आलं, तर पेन्शनचं आणि रँकचं काय?

पत्र

नमस्कार दादा,

माझे यजमान 22 वर्षांच्या नोकरीनंतर 2022 मध्ये लेफ्टनंट कर्नल म्हणून लष्करातून बाहेर पडले. कर्नलच्या सिलेक्शन बोर्डात नाव आलं नाही, ते मनाला फार लागलं आणि त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. सध्या पुण्याजवळच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहेत. मे 2025 मध्ये सीमेवर तणाव वाढला, तेव्हा त्यांनी माळ्यावरची काळी ट्रंक खाली काढली, बूट पॉलिश केले आणि कुणाशी काही न बोलता जेवायला बसले. "बोलावलं तर जाणार," एवढंच म्हणाले.

मला त्यांना अडवायचं नाही. पण निम्मी पेन्शन विकून, म्हणजे तिचे पैसे एकरकमी उचलून, आम्ही साताऱ्यात घर बांधलं, कर्जाचा हप्ता चालू आहे, थोरली इंजिनिअरिंगला आहे. त्यांना परत बोलावलं तर पेन्शन बंद होते का? राहिलेली कर्नलची रँक तेव्हा मिळू शकते का? त्यांचे ज्युनिअर आता कर्नल झालेत, त्यांच्या हाताखाली काम करावं लागेल का? कारखान्यातली नोकरी राहील का? आणि काही बरंवाईट झालं तर? यातलं काहीही विचारलं की ते चिडतात. म्हणतात, "1965 मध्ये कॅप्टन अमरिंदर सिंग राजीनामा दिल्यावरही परत रुजू झाले, त्यांनी पेन्शन विचारली होती का?" हे विचारणं म्हणजे देशापेक्षा पैसा मोठा मानणं आहे का, हेच मला कळेनासं झालंय.

— एक वहिनी, सातारा

उत्तर

वहिनी, नमस्कार.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे प्रश्न तुम्ही त्याच्याच दडपणाखाली विचारले आहेत. यात गैर काहीच नाही. आघाडीवर जाणाऱ्याच्या घरचे कागद चोख असावेत, ही लष्कराची स्वतःची शिस्त आहे. जवानाचं नॉमिनेशन, बायकोमुलांची नोंद, बँक खातं हे सगळं युनिटमध्ये बघितलं जातं. साहेबांनी लष्करात कंपनी, म्हणजे जवानांची तुकडी, सांभाळली असेल तर आपल्या जवानांच्या घरची ही काळजी त्यांनी स्वतः वाहिली असणार. तीच काळजी आज तुम्ही त्यांच्या घराची करताय.

अमरिंदर सिंगांचं उदाहरण खरं आहे आणि मोठंही आहे. 1963 मध्ये ते शीख रेजिमेंटमध्ये आले, 1965च्या सुरुवातीला राजीनामा दिला, युद्ध पेटल्यावर परत गेले आणि 1966च्या अखेरीस पुन्हा बाहेर पडले. त्यांच्या निर्णयाचा पूर्ण मान ठेवून सांगतो, ते उदाहरण तुमच्या घराला लागू पडत नाही. अधिकाऱ्याला पेन्शन लागू व्हायला साधारणपणे 20 वर्षांची सेवा लागते. त्यांच्या गाठीला तेव्हा जेमतेम दोन वर्षं होती. पेन्शन सुरूच झालेली नव्हती, मग ती थांबायची कुठून? साहेबांकडे 22 वर्षांची कमाई आहे, आणि तिच्यावर एक घर उभं आहे.

आता मुद्द्यावर येतो. "परत बोलावलं" हे आपण एका दमात बोलतो, पण सरकारदरबारी त्याचे तीन-चार वेगळे प्रकार आहेत, आणि पेन्शन, रँक, नोकरी यांचं उत्तर प्रत्येकात बदलतं. म्हणून बोलावणं येईल तेव्हा पहिला प्रश्न "कधी हजर व्हायचं" हा नसावा. "कोणत्या नियमाखाली बोलावताय?" हा असावा.

पहिला प्रकार रिझर्व्हचा, म्हणजे सक्तीचा. 1950च्या आर्मी अ‍ॅक्टच्या दुसऱ्याच कलमात, हा कायदा कुणाकुणाला लागू आहे ते सांगताना "इंडियन रेग्युलर रिझर्व्ह ऑफ ऑफिसर्स" या वर्गाचा उल्लेख येतो. या यादीतल्या अधिकाऱ्याला कामावर बोलावलं की तो आर्मी अ‍ॅक्टखाली येतो, आणि मग "येतो" किंवा "येत नाही" असं म्हणायची मुभा उरत नाही. शॉर्ट सर्व्हिस कमिशनच्या, म्हणजे ठराविक वर्षांसाठीच घेतलेल्या, अधिकाऱ्यांना भरतीच्या जाहिरातीतच सांगितलेलं असतं की बाहेर पडल्यावर 5 वर्षं रिझर्व्हची जबाबदारी राहील, आणि त्यापुढे 2 वर्षं स्वेच्छेने. साहेब कायम कमिशनवाले, शिवाय मुदतीआधी निवृत्त झालेले. त्यांच्यावर अशी जबाबदारी आहे की नाही आणि असल्यास कुठवर, हे त्यांच्या निवृत्तीच्या मंजुरीपत्रातून आणि राजपत्रातल्या सूचनेतून कळेल. ते पत्र आज रात्रीच शोधा. बहुतेक घरांत ते पीपीओच्या, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाच्या (पेन्शन पेमेंट ऑर्डर), फाइलमध्ये मागे टाचून ठेवलेलं असतं आणि कुणी दुसऱ्यांदा वाचलेलं नसतं.

दुसरा प्रकार पुनर्नियुक्तीचा. ही शांततेच्या काळातही चालते. निवृत्त अधिकारी अर्ज करतो, लष्कर ठराविक मुदतीसाठी त्याला परत घेतं. यात सक्ती नाही, आणि सगळ्या अटी आधीच वाचायला मिळतात.

तिसरा प्रकार टेरिटोरियल आर्मीचा, म्हणजे एरवी आपापली नोकरी-धंदा करणाऱ्या आणि गरज पडली की बोलावल्या जाणाऱ्या राखीव सेनेचा. 6 मे 2025 रोजी सरकारने अधिसूचना काढून लष्करप्रमुखांना टेरिटोरियल आर्मीतल्या प्रत्येक अधिकाऱ्याला आणि जवानाला बोलावण्याचा अधिकार दिला, तेव्हा "निवृत्त फौजींना बोलावलं" असं अनेकांना वाटलं. ती अधिसूचना टेरिटोरियल आर्मीच्या 1948च्या नियमांतल्या 33व्या नियमाखाली होती आणि त्या सेनेत नाव असलेल्यांपुरतीच होती. साहेब त्या सेनेत नसतील, तर तिचा त्यांच्याशी संबंध नव्हता.

त्याच महिन्यात जम्मू-काश्मीरमध्ये वीजकेंद्रं, पूल अशा ठिकाणांच्या पहाऱ्यासाठी सुमारे 4,000 माजी सैनिक स्वयंसेवक म्हणून पुढे आले. त्या कामाचा अभिमान वाटावा असंच ते आहे. पण अशा स्वयंसेवेत माणूस पुन्हा लष्करी सेवेत येत नाही. त्यामुळे रँक, सेवाकाल, पेन्शन यात काही बदलत नाही.

तुमचा पहिला प्रश्न पेन्शनचा. एक गोष्ट मनाशी पक्की ठेवा. मिळवलेली पेन्शन कुणाच्या मर्जीवर नसते. 17 डिसेंबर 1982 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नकारा खटल्यात सांगितलं की पेन्शन ही सरकारने खुशीने दिलेली बक्षिसी नाही, ती केलेल्या सेवेपोटी मिळालेला हक्क आहे. सरन्यायाधीश होते आपल्या पुण्याचे यशवंत चंद्रचूड. त्या तारखेला देशभर पेन्शनर दिन पाळतात तो याच निकालामुळे. म्हणजे साहेबांची 22 वर्षं कुणी पुसू शकत नाही. परत बोलावल्याने पीपीओ रद्द होत नाही.

पण हक्क शाबूत राहणं आणि दर महिन्याला तेवढेच पैसे हातात येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घरं अडचणीत येतात ती इथेच. सरकारी नोकरीत परतलेल्या निवृत्त अधिकाऱ्याला पूर्ण पगार आणि वर पूर्ण पेन्शन असं दुहेरी मिळत नाही. "पगार वजा पेन्शन" हे शब्द साहेबांनीही मेसमध्ये ऐकले असतील. नागरी खात्यात पुनर्नियुक्ती झाली तर कमिशन्ड अधिकाऱ्याच्या पेन्शनमधले पहिले 15,000 रुपये सोडून देतात (2017 पर्यंत ही सूट 4,000 होती) आणि बाकीची पेन्शन पगार ठरवताना वजा धरतात. जवान आणि जेसीओ (सुभेदारासारखे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर) यांची मात्र पूर्ण पेन्शन सोडून देतात. म्हणून शेजारचे सुभेदार साहेब बँकेत लागल्यावर त्यांना काय मिळालं, यावरून तुमचा हिशेब बांधू नका.

आता तुमच्या घरापुरती खरी मेख. तुम्ही निम्मी पेन्शन विकली आहे. समजा मूळ पेन्शन 80,000 आहे. निम्मी विकल्यामुळे हातात 40,000 येतात, आणि महागाई भत्ता मात्र पूर्ण 80,000 वर मिळतो. वजावट करताना हिशेबात धरतात ते 80,000. विकण्याआधीचा आकडा. वरच्या नियमाने 15,000 सोडले तरी 65,000 रुपये पगारातून वजा, आणि विकलेल्या भागाचे पैसे तर केव्हाच विटा-सिमेंटमध्ये गेले. शिवाय पुनर्नियुक्तीच्या काळात अधिकाऱ्याच्या पेन्शनवरचा महागाई भत्ता थांबतो, तो सेवा संपल्यावर पुन्हा सुरू होतो. म्हणजे वर्दीचा पगार चालू असूनही पहिल्या काही महिन्यांत घरात येणारी रक्कम तुमच्या अंदाजापेक्षा बरीच कमी असू शकते. आता कारखान्याचा पगार आणि पेन्शन दोन्ही येतात, तेव्हा तर हा फरक जास्तच जाणवेल.

हे आकडे फक्त उदाहरणासाठी घेतलेत. साहेबांचा खरा आकडा पीपीओवर आहे. युद्धकाळात रिझर्व्हमधून बोलावलं तर वजावटीचं गणित त्या वेळच्या आदेशात जे लिहिलं असेल त्याप्रमाणे होईल. पण दोन्ही पूर्ण मिळतील असं धरून कर्जाच्या हप्त्याचं नियोजन करू नका. सहा महिन्यांचा हप्ता वेगळा काढून ठेवता आला तर ठेवा. विकलेली पेन्शन 15 वर्षांनी पूर्ववत होते. तो दिवस कोणता, हेही वहीत लिहून ठेवा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण तुमच्यासाठी ती फार मोलाची आहे. वन रँक वन पेन्शनचा, म्हणजे सारख्या रँकला आणि सारख्या सेवेला सारखी पेन्शन देण्याचा, 7 नोव्हेंबर 2015 चा आदेश 1 जुलै 2014 पासून लागू झाला, दर पाच वर्षांनी त्यात सुधारणा होते. पण त्या आदेशातच, यापुढे जे स्वतःहून मुदतीआधी निवृत्ती घेतील त्यांना हा लाभ नाही, असं म्हटलंय. साहेब 2022 मध्ये स्वतःहून बाहेर पडले, म्हणजे ते या वगळलेल्या गटात येतात. या वगळण्यावर न्यायाधिकरणापर्यंत भांडण गेलेलं आहे, त्याचे निकाल बघत राहा. आणि उद्या साहेबांना सरकारने स्वतः बोलावलं, दोन वर्षं काम घेतलं आणि काम संपल्यावर सोडलं, तर ती दुसरी निवृत्ती त्यांच्या इच्छेने झालेली नसेल. मग पहिल्या निवृत्तीवरचा तो शिक्का तेव्हाही कायम राहणार का? हा प्रश्न हजर होण्याआधी लेखी विचारायचा. तोंडी मिळालेलं उत्तर त्या अधिकाऱ्याची बदली होईपर्यंतच टिकतं.

आता रँक. इथे मला थोडं सविस्तर लिहायचंय, कारण साहेबांचं दुखणं तिथे आहे असं मला वाटतं.

2004 पासून कॅप्टन, मेजर, लेफ्टनंट कर्नल या रँक 2, 6 आणि 13 वर्षांच्या सेवेवर मिळतात. त्यापुढे कर्नल म्हणजे सिलेक्शन बोर्ड. बोर्डात न बसलेल्या अधिकाऱ्याला 26 वर्षं पूर्ण झाल्यावर टाइम स्केलने, म्हणजे बोर्डाशिवाय निव्वळ सेवेच्या वर्षांवर, कर्नल होता येतं. साहेब 22 वर्षांवर बाहेर पडले. म्हणजे चार वर्षं राहिली. परत गेलो तर ही चार वर्षं भरून निघतील, असं त्यांच्या मनात कुठेतरी असणार. ते तुम्हाला सांगणार नाहीत, पण असणार.

नेहमीच्या पुनर्नियुक्तीत ही आशा धरू नये. तिथे माणूस ठरलेल्या रँकवर, ठरलेल्या मुदतीसाठी जातो. बढतीची शिडी तिथे नसते. रिझर्व्हमधून सक्तीने बोलावलं तरीसुद्धा आधीची 22 वर्षं आणि नवी सेवा आपोआप जोडली जाईल असं समजू नका. जोडली जाणार असेल तर कशासाठी, हेही वेगवेगळं विचारावं लागतं: रँकसाठी, पगारवाढीसाठी, की पेन्शनसाठी. हे तीन धागे सुटे आहेत. एकासाठी धरलेली सेवा दुसऱ्यासाठी नाकारल्याची प्रकरणं नोकरशाहीत रोजची आहेत.

याचा फार बोलका दाखला आपल्याच देशात आहे. 26 ऑक्टोबर 1962 रोजी चीनच्या आक्रमणानंतर आणीबाणी जाहीर झाली आणि ती 10 जानेवारी 1968 पर्यंत चालली. त्या काळात तरुणांनी सैन्यात यावं म्हणून पंजाब सरकारने 1965 मध्ये नियम केले: आणीबाणीत केलेली लष्करी सेवा पुढे सरकारी नोकरीत पगारवाढ, ज्येष्ठता आणि पेन्शन यांसाठी धरली जाईल. कित्येक जण त्या शब्दावर गेले, युद्ध करून आले, नंतर हरियाणाच्या नोकरीत लागले. पुढे हरियाणा सरकारने तो नियम मागच्या तारखेपासून बदलला आणि दिलेली ज्येष्ठता काढून घेतली. माजी कॅप्टन के. सी. अरोरा सर्वोच्च न्यायालयात गेले. 1984 मध्ये न्यायालयाने सांगितलं की संकटाच्या वेळी दिलेल्या वचनावर विसंबून माणसं गेली, त्यांना मिळालेला हक्क मागच्या तारखेने हिरावता येणार नाही.

या निकालात माझ्या दृष्टीने दोन गोष्टी आहेत. शब्द मोडणारं सरकारच होतं, आणि युद्ध संपल्यावर मोडलं. दुसरं, अरोरा जिंकले कारण वचन छापील नियमात होतं. एखाद्या मंत्र्याने भाषणात दिलेलं असतं, तर न्यायालयाला धरायला काही उरलं नसतं. साहेबांना सांगा, कर्नलची रँक मागणं त्यांना कमीपणाचं वाटत असेल तर मागू नये. पण जी रँक देताय ती कोणती, हे विचारण्यात कमीपणा नाही.

कारण युद्धकाळात रँकही सरळ नसते. "लोकल रँक" म्हणजे खांद्यावर वरचं चिन्ह आणि पगार जुनाच. "अ‍ॅक्टिंग रँक"मध्ये पगार मिळतो, पण ते पद सुटलं की रँकही सुटते. "सबस्टॅन्टिव्ह" असेल तेव्हाच ती खरी तुमची. पेन्शन शेवटच्या पगारावर किंवा शेवटच्या 10 महिन्यांच्या सरासरीवर, जे जास्त असेल त्यावर निघते, त्यामुळे सोडताना हातात कोणती रँक आणि कोणता पगार होता याला महत्त्व येतं. नियुक्तीच्या पत्रात या तीनपैकी कोणता शब्द आहे तो एक शब्द शोधा.

आणि परत जाणाऱ्याला जुनी रँक मिळेलच असंही नाही. अमेरिकेचे डग्लस मॅकआर्थर सेनाप्रमुख राहिलेले, चार ताऱ्यांचे जनरल. 31 डिसेंबर 1937 रोजी निवृत्त झाले. 26 जुलै 1941 रोजी त्यांना परत बोलावलं ते मेजर जनरल म्हणून, दोन तारे. दुसऱ्या दिवशी लेफ्टनंट जनरल केलं आणि डिसेंबरात पुन्हा पूर्ण जनरल. एवढ्या मोठ्या माणसाचीही रँक आधीच्या मानमरातबावर नाही, नव्या आदेशावर ठरली. त्याच अमेरिकेत निवृत्तांना परत बोलावण्याचा अधिकार कायद्यात लिहिलेला आहे, आणि नंतरच्या सेवेमुळे पेन्शन पुन्हा मोजण्याची तरतूदही कायद्यातच आहे. आपल्याकडेही हे शांततेच्या काळात, स्पष्ट शब्दांत, एका जागी लिहून ठेवायला हवं असं माझं ठाम मत आहे. आज आपल्या निवृत्त अधिकाऱ्याला स्वतःच्या हक्काचा एक प्रश्न सोडवायला चार ठिकाणचे आदेश धुंडाळावे लागतात. जो माणूस बोलावलं की निघायला तयार आहे, त्याच्यावर ही वेळ येऊ नये.

ज्युनिअरच्या हाताखाली काम करावं लागेल का? हो, बहुतेक लागेल. 1973च्या युद्धात इस्रायलचे एरियल शॅरॉन काही महिन्यांपूर्वीच दक्षिण विभागाचं नेतृत्व सोडून निवृत्त झाले होते. ऑक्टोबरात परत आले ते डिव्हिजन घेऊन, आणि वर बसले होते त्यांच्याच जागी आलेले श्मुएल गोनेन, जे आधी त्यांच्या हाताखाली होते. दोघांचं इतकं वाजलं की ऐन युद्धात माजी सेनाप्रमुख हाइम बार-लेव्ह यांना मंत्रिपदावरून उठवून तिथे पाठवावं लागलं. जनरलांना जे जड गेलं ते साहेबांना सोपं जाईल असं मी म्हणणार नाही. पण साहेबांनी हे आत्ता स्वतःशी ठरवून टाकावं: ज्या मुलाला आपण पहिल्यांदा नकाशा वाचायला शिकवलं तो कर्नल म्हणून समोर बसला असेल, तर त्याला "सर" म्हणता येईल का? जमणार असेल तर जावं. सक्तीचं बोलावणं नसेल आणि हे जमणार नसेल, तर प्रशिक्षण केंद्रात किंवा एखाद्या स्थिर कार्यालयात पुनर्नियुक्तीसाठी अर्ज करावा. तीही युद्धाचीच सेवा आहे, आणि तिथून मोकळे झालेले तरुण अधिकारी पुढे जातात.

कारखान्याच्या नोकरीबद्दल थोडक्यात सांगतो. 1948च्या टेरिटोरियल आर्मी कायद्यात 7-अ आणि 7-ब अशी दोन कलमं आहेत. त्या सेनेत बोलावलेल्या माणसाला परत आल्यावर मालकाने पुन्हा कामावर घ्यावं, आणि दरम्यान त्याचे भविष्य निर्वाह निधीसारखे हक्क शाबूत राहावेत, अशी त्यांची रचना आहे. पण ही कलमं त्या कायद्याखाली सेवेला गेलेल्यांसाठी आहेत. स्वतः अर्ज करून पुनर्नियुक्ती घेतली तर त्यांचा आधार मिळेल असं समजून राजीनामा टाकू नका. कारखान्याच्या मनुष्यबळ विभागाशी आत्ताच बोलावं आणि बिनपगारी रजेवर जाता येईल का, याचं उत्तर ईमेलवर घ्यावं. शांत दिवसांत मालकही मोकळेपणाने "हो" म्हणतो.

आता तो प्रश्न, जो तुम्ही दोनच शब्दांत लिहून पुढे सरकलात. मीही आडवळण न घेता लिहितो. निवृत्त अधिकारी घरी असताना गेला, तर पत्नीला 7 वर्षं किंवा तो 67 वर्षांचा झाला असता त्या तारखेपर्यंत, जे आधी येईल तोवर, वाढीव दराने कुटुंब पेन्शन मिळते, आणि मग शेवटच्या पगाराच्या 30 टक्के. शत्रूच्या कारवाईत सेवेत असताना मृत्यू आला, तर 31 जानेवारी 2001 च्या आदेशाप्रमाणे लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन असते, ती शेवटच्या पगाराइतकी. युद्धात जखमी होऊन अपंगत्व आलं तर वॉर इंज्युरी पेन्शन वेगळी. या दोन स्थितींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि परत बोलावलेला माणूस कुठल्या बाजूला धरला जाईल हे त्याची सेवा कोणत्या नियमाखाली आहे त्यावर ठरतं. म्हणून हजर होण्याच्या पत्रात "2001च्या आदेशातल्या तरतुदी या सेवेला लागू राहतील" असं वाक्य आहे का ते बघा, नसेल तर मागून घ्या. आर्मी ग्रुप इन्शुरन्सचं सेवेतलं विमा संरक्षण पुन्हा सुरू होतं का, हेही त्याच पत्रात विचारा.

आणि यातलं काहीही वेळेवर मिळायचं असेल तर पीपीओ निर्दोष हवा. तो समोर घेऊन बसा. तुमचं नाव आधार कार्डावर आहे तसंच आहे का? माहेरचं नाव, सासरचं नाव, मधलं नाव, यातला एक घोळ मी असंख्य पीपीओंवर बघितलाय. जन्मतारीख बरोबर आहे का? दोन्ही मुलांची भाग दोन ऑर्डर, म्हणजे सेवेच्या कागदात कुटुंबाची नोंद करणारा आदेश, निघाली होती का? सेवाकाल पूर्ण धरलाय का, विकलेल्या पेन्शनचा आकडा आणि तारीख जुळते का? चूक असेल तर संरक्षण खात्याच्या पेन्शनसाठीच्या स्पर्श पोर्टलवर दुरुस्तीचा अर्ज करा. जमलं नाही तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, कागद हाताशी असतील तर तिथली माणसं मदत करतात. पेन्शनचा विषय प्रयागराजच्या लेखा कार्यालयाचा, सेवेतल्या अधिकाऱ्याच्या पगाराचा विषय पुण्यातल्या अधिकाऱ्यांच्या लेखा कार्यालयाचा. चुकीच्या दारात पाठवलेला अर्ज महिनोनमहिने फिरत राहतो.

सगळं विचारूनही अन्याय झाला तर आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल आहे, त्याचं एक पीठ मुंबईत आहे. तिथे जाण्याआधी खात्यात लेखी तक्रार केलेली असावी लागते. सेवेत असताना अधिकाऱ्याला आर्मी अ‍ॅक्टच्या 27व्या कलमाखाली थेट केंद्र सरकारकडे दाद मागता येते. अंतिम उत्तर आल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा. उत्तरच आलं नाही, तर तक्रारीनंतर सहा महिने थांबून मग करायचा. पेन्शनचं नुकसान दर महिन्याला होत असल्याने उशिरा गेलं तरी दार बंद होत नाही, पण थकबाकी साधारणपणे मागच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. 2008 मध्ये तरसेम सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तसं ठरवलं. अनेक म्हाताऱ्या सैनिकांची दहा-दहा वर्षांची रक्कम अशी बुडाली आहे, निव्वळ "बघू नंतर" म्हणण्यापायी.

साहेबांशी बोलताना पैशापासून सुरुवात करू नका. आधी विचारा, "तुमच्या निवृत्तीच्या पत्रात रिझर्व्हबद्दल काय लिहिलंय?" हा लष्करी प्रश्न आहे, याला ते चिडणार नाहीत. पत्र शोधायला उठतील, फाइल उघडेल, आणि मग पीपीओही त्याच फाइलमध्ये असेल. रँकच्या आशेबद्दल मात्र तुम्ही विषय काढू नका. त्यांनी काढला तर ऐकून घ्या आणि अरोरांचा खटला सांगा.

निवृत्तीच्या पत्राची आणि पीपीओच्या पहिल्या पानाची प्रत, खाते क्रमांक झाकून, माझ्याकडे पाठवलीत तर लेखी विचारायच्या प्रश्नांचा मसुदा मी तुम्हाला मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीत करून देईन. तोवर नावातली दुरुस्ती असेल तर तो अर्ज थांबवू नका, त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो.